द्राक्षांच्या वाटेने समुद्राकडे

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे अलीकडे उन्हाळ्याच्या सुटीत युरोपची सहल करून येतात. फ्रान्समध्ये मोटार भाड्याने घेऊन केलेला प्रवास, एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस क्षितिजापर्यंत पसरलेले द्राक्षमळे, अशी वर्णने स्नेहसंमेलनांत हमखास ऐकावयास मिळतात. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात तर १९५३ सालापासून द्राक्षमळ्यांतून जाणारा सुमारे १७० किलोमीटरचा रस्ता प्रवाशांसाठी मुद्दाम आखून दिलेला आहे. त्या रस्त्याने जाणारे सगळेच काही मद्यप्राशनासाठी जात नाहीत. एखादा प्रदेश एका पिकाच्या नावाने जगभर कसा ओळखला जातो, हे पाहण्यासाठीही पुष्कळजण जातात.

ही वर्णने ऐकताना मला नेहमी आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याची आठवण होते. परभणीहून मानवतकडे जाताना आमचे पेडगाव लागते. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१. तेलंगणातील जगतियालहून निघून तो निर्मल, भोकर, नांदेड, वसमत, परभणी असा येतो आणि पुढे पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण करीत भिवंडीस पोहोचतो. नकाशा उलगडून पाहिला की ध्यानात येते, आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलुखातून निघालेला हाच रस्ता महाराष्ट्राच्या द्राक्षांच्या प्रदेशास स्पर्श करून समुद्राकडे उतरतो. मागील फेब्रुवारीत आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहाजण याच वाटेने सहा दिवसांच्या प्रवासास निघालो. बँकेच्या सेवेत असताना शेतीकर्जाची प्रकरणे वर्षानुवर्षे हाताळली होती. त्या कागदांमागची बाग निवांतपणे पाहण्याची इच्छा बरेच दिवस मनात होती.

कापसाच्या मुलुखातून द्राक्षांच्या मुलुखात

मानवतची कापसाची बाजारपेठ आणि पाथरी मागे टाकून ढालेगावजवळ गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो. माजलगावच्या परिसरात जलाशयाच्या पाण्यावर वाढलेला ऊस, त्यापुढे पाथर्डीकडील उघडे माळ, मग करंजीचा घाट उतरून अहिल्यानगर. दिवस लवकर मावळतो, आपल्याला सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते, म्हणून पहिला मुक्काम अहिल्यानगरलाच केला. या मार्गाने जाणाऱ्यांनी हेच करावे. सोबत दशम्या, खाकरा आणि चिवडा असल्यास वाटेत कोठेही अडचण पडत नाही.

दुसऱ्या दिवशी टाकळी ढोकेश्वर ओलांडून आळेफाट्याकडे जाऊ लागलो तसा भूप्रदेश बदलला. तारांच्या मांडवांवर चढविलेले हिरवे वेल दिसू लागले. आळेफाट्यावर आपला महामार्ग पुणे-नाशिक रस्त्यास छेदतो. दक्षिणेस नारायणगाव आणि जुन्नर, उत्तरेस संगमनेर, सिन्नर आणि नाशिक. दोन्हीकडे द्राक्षे आहेत.

जुन्नरहून नाणेघाट पाहावयास गेलो. कोकणातून देशावर येणारी ही सातवाहनकाळातील व्यापारी वाट. येथील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, अशी परंपरा सांगितली जाते. ख्रिस्ताब्दाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या आपल्या मराठवाड्यातील बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असे. त्याच ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्यास अधिक पसंती होती असे नमूद आहे. ज्या उंच मातीच्या कुंभांतून ते येई, त्यांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठचा द्राक्षरस आपल्या गोदाकाठी येत होता. आज प्रवाह उलटला आहे. गोदाकाठची द्राक्षे युरोपास जातात. व्यापारी कुटुंबातील मुलांना हा एवढा एक उलटफेर जरी समजला, तरी प्रवासखर्च वसूल झाला असे मी समजतो.

बागेतील बँक

द्राक्षबाग हे इतर पिकांसारखे पीक नव्हे, तो एक कारखानाच आहे. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, शेततळे, औषधे, मजुरी. पहिला घड हाती येण्यापूर्वीच मोठी रक्कम जमिनीत गाडली जाते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो, पाने गाळतो, वसंतात जागा होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळ देतो. आपल्या हवेत वेल आपण होऊन झोपत नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील छाटणीस खरड छाटणी म्हणतात. तिच्यामुळे पुढील हंगामाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ती गोडी छाटणी. तिच्यावर फळ येते. छाटण्या दोन, पीक एक. जानेवारी ते एप्रिल या काळात आपली द्राक्षे तयार होतात. युरोपची स्वतःची द्राक्षे त्या वेळी संपलेली असतात, आणि आपल्या निर्यातीची संधी नेमकी तेथे आहे.

फ्रान्सचा ठसा आपल्या बागेत जागोजागी आढळतो, पण बागायतदारालाही तो जाणवत नाही. केवडा, ज्यास बागायतदार 'डावणी' म्हणतात, त्या रोगावर मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण फवारतात त्यास खेडोपाडी 'बोर्डो' म्हणतात. हे फ्रान्समधील बोर्डो शहराचे नाव. त्या परिसरातील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडीत, ते वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. त्या वेली रोगापासून वाचतात असे मियार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. तसेच कलमाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन वेलीच्या मुळांवर आपली जात कलम करून त्यांनी बागा वाचविल्या. आपल्याकडे कीड नव्हे, तर पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन हे संकट होते. त्यावरही डॉगरिज या अमेरिकन खुंटावर केलेले कलम हाच उपाय ठरला. परक्या मुळांवर आपले फळ, अशी ही व्यवस्था आहे.

नारायणगावचा आणखी एक इतिहास आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी पाठविली. ही कंपनी पुढे कर्जाच्या भाराखाली आली व न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली सुला ही कंपनी मात्र टिकली आणि २०२२ च्या अखेरीस शेअर बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले व विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. आपल्या घरात मद्य वर्ज्य आहे, म्हणून या कारखान्यांच्या आत आम्ही गेलो नाही. तसा त्यांच्यावाचून द्राक्षप्रदेश अपुरा राहतो असेही नाही. महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच पिकतात. वाइनकडे त्यांतील लहानसा हिस्सा जातो.

बेदाणा तर आपल्या किराणा दुकानांचा जुना सोबती. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात. सुमारे दोन आठवड्यांत तो वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगली-तासगावची बाजारपेठ यात अग्रेसर असून सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन आहे. भाव पडला की ताजे फळ बेदाण्याकडे वळवायचे आणि शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहायची, ही बागायतदाराची विमा पॉलिसीच होय.

कागदावरचा माल आणि शब्दावरचा माल

नाशिकला दोन रात्री राहिलो. म्हसरूळच्या गजपंथा तीर्थक्षेत्री दर्शन झाले, धर्मशाळेत सोयही चांगली झाली. दुसरा दिवस दिंडोरी, पिंपळगाव बसवंत व निफाड या पट्ट्यात काढला. दिंडोरी तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबाने आम्हास त्यांच्या बागेत फिरविले. त्यांची निम्मी बाग निर्यातीची होती व निम्मी देशी बाजारासाठी. दोन्हींत वेल तोच, पाणी तेच, मजूरही तेच. फरक मी विचारला तेव्हा ते कर्ते गृहस्थ आम्हास घरात घेऊन गेले आणि त्यांनी दोन वह्या समोर ठेवल्या.

निर्यातीच्या बागेची नोंदवही जाड होती. कोणत्या तारखेस कोणते औषध, किती मात्रा, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद, प्रयोगशाळेचा अहवाल, सारे त्यात होते. युरोपातील दुकानात ठेवलेल्या पेटीवरून ती कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधील आहे हे शोधता येते. अपेडाच्या ग्रेपनेट या प्रणालीत ती व्यवस्था आहे. या शिस्तीची किंमत आपण मोजलेली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक द्रव्याचा अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली आणि निर्यातदार व बागायतदार दोघेही अडचणीत आले. तेव्हापासून तपासणी अधिक कडक झाली. मणी अठरा मिलिमीटरच्या आसपास हवा, गोडी मोजलेली हवी, पेटीत गंधकवायू सोडणारा कागद हवा, शून्य अंशाच्या जवळ थंड ठेवलेल्या कंटेनरमधून माल जावयास हवा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि नाशवंत माल नेणाऱ्यांची चिंता वाढली.

दुसरी वही पातळ होती. देशी बाजाराचा मोठा व्यवहार बागेतच होतो. परप्रांतातील व्यापारी वा त्याचा दलाल येतो, बाग पाहतो, किलोचा दर ठरतो, थोडी उचल देतो. माल ट्रकमध्ये भरला जातो आणि उरलेली रक्कम 'पोहोचल्यावर'. बहुतेक व्यापारी शब्दास जागतात. परंतु काहीजण हंगामाच्या अखेरीस फोन बंद करून नाहीसे होतात. नाशिक जिल्ह्यास ही फसवणूक नवी नाही. २०२० मध्ये तर पोलिसांना शेतकऱ्यांचे पैसे वसूल करण्यासाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली होती. आमच्या यजमानांच्या त्या पातळ वहीत तीन वर्षांपूर्वीची एक रक्कम अद्याप येणे म्हणून लिहिलेली होती. त्या रकमेपायी धाकट्या मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण एक वर्ष लांबणीवर पडले, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण यंदा त्यांनी आणखी दोन एकर निर्यातीकडे वळविले होते. चार हजार मैलांवरचा अनोळखी ग्राहक त्यांना शेजारच्या राज्यातील ओळखीच्या व्यापाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटू लागला होता. व्यापारी घरात वाढलेल्या आम्हा सर्वांना हे वाक्य ऐकून खाली मान घालावी लागली.

बँकेत आम्ही 'पत' हा शब्द दिवसातून शंभरदा वापरीत असू. तारण, जामीन, ताळेबंद हे सारे पतीचे पुरावे; पत त्यांच्या पलीकडे असते. ती माणसाच्या नावात असते, पेढीच्या नावात असते, आणि फ्रान्सचा इतिहास पाहिला तर ती गावाच्या नावातही असते.

दलालांनी केलेली यादी

बोर्डोच्या वाइनची प्रतवारी जगप्रसिद्ध आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ती तयार झाली आणि किरकोळ बदल सोडल्यास आजही चालू आहे. ही यादी कोणा सरकारी पंडितांनी केलेली नाही. बोर्डोच्या दलालांनी केली. कोणत्या मळ्याच्या मालास वर्षानुवर्षे कोणता भाव मिळत आला, हे त्यांच्या व्यवहारांतून त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्याच आधारावर पाच प्रती ठरल्या. मध्यस्थांच्या प्रामाणिक नोंदींवर एका प्रदेशाची पत दीड शतकाहून अधिक काळ उभी आहे.

याची दुसरी बाजूही तेथेच घडली. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील द्राक्ष उत्पादक लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. साखर-पाण्याच्या नकली वाइनमुळे खऱ्या मालाचा भाव कोसळला, ही त्यांची मुख्य तक्रार होती. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतात दंगे झाले. बाहेरगावची द्राक्षे आणून स्थानिक नावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांची कोठारे शेतकऱ्यांनी फोडली. या संघर्षांतूनच पुढे प्रदेशनामाच्या रक्षणाचे कायदे घट्ट झाले आणि १९३५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. चांगल्या मालात हलका मिसळून चांगल्याच्या नावाने विकणे यास आपल्या आचार्यांनी 'प्रतिरूपक व्यवहार' म्हटले आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत त्याची गणना केली. फ्रान्सला ही गोष्ट दंगलीतून शिकावी लागली.

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. नाशिकची द्राक्षे त्या नोंदवहीत आहेत. पण नोंद झाली म्हणजे नाव सांभाळले गेले असे नव्हे. दरवर्षी आंब्याच्या हंगामात परप्रांतीय आंबा 'देवगड हापूस' म्हणून पेट्यांत भरला जातो, हे आपण सर्वच जाणतो. कायदा नाव नोंदवितो; ते राखायचे की बुडवायचे हे गल्ल्यावर बसणारा ठरवितो.

समुद्र

चौथ्या दिवशी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या मार्गाने डहाणूकडे उतरलो. हा रस्ता वळणांचा आहे. घाईने जाऊ नये. भिंतींवरील वारली चित्रे आता जगभर गेली आहेत, परंतु ती ज्या पाड्यांत जन्मली तेथून जाताना त्यांचा साधेपणा अधिक जाणवतो. जव्हारचा राजवाडा पाहून, विक्रमगड ओलांडून दुपारी डहाणूस पोहोचलो. बोर्डी आणि घोलवडच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे, ओहोटीला दूर जाणारे पाणी आणि अगदी किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूसही मानांकन मिळाले आहे. नातवंडांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की, द्राक्षांची जहाजे येथूनच जातात काय? आज ती न्हावा-शेव्याहून जातात. पण डहाणूजवळच वाढवण येथे प्रचंड बंदर होऊ घातले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार बांधवांचा त्यास विरोध आहे आणि त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. १९९१ मध्ये केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, म्हणून तर या वाड्या आजवर शाबूत राहिल्या. व्यापाराचा मार्ग मोठा होताना कोणाची उपजीविका अरुंद होते, हाही हिशेब मांडावयास हवा.

आपल्या रस्त्यावरचा माल

परतीचा प्रवास कल्याण, माळशेज असा थेट महामार्ग ६१ वरून केला. घाट चढताना मुलाने एक साधा प्रश्न उपस्थित केला : या रस्त्यावर द्राक्षांना नाव आहे, समुद्रकाठी चिकूला आहे, मग आपल्या टोकाला काय आहे? उत्तर शोधू लागलो तसे पुष्कळ सापडले. याच महामार्गावरील वसमतच्या हळदीस अलीकडेच मानांकन मिळाले. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, आपल्या कुंथलगिरीचा खवा ही नावेही नोंदविली गेली आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण राज्यभर पेरले जाते. शहरांत आता ज्वारीच्या भाकरीस हौसेने किंमत मोजणारा ग्राहक तयार झाला आहे.

यांतील बहुतेक माल आपल्याच अडतींतून आणि दुकानांतून जातो. त्यास नाव मिळवून देण्याचे काम केवळ शासनाचे वा विद्यापीठाचे नाही. हळदीच्या पोत्यावर गावाचे नाव छापताना आत त्याच गावची हळद असणे, शेतकऱ्यास पक्की पावती देणे, ठरल्या दिवशी पैसे खात्यात भरणे आणि पुढील पिढीस ही वही मागूनही वाचता येईल अशी ठेवणे, एवढ्यावर बरेच काही उभे राहील. बोर्डोच्या दलालांनी याहून निराळे काही केले नव्हते.

ज्यांस सुटी मिळेल त्यांनी जानेवारी ते मार्च या काळात हा प्रवास अवश्य करावा. मुलांना बाग दाखवावी आणि बागायतदाराची परवानगी घेऊन त्याची वहीही दाखवावी. दिंडोरीच्या त्या पातळ वहीतील येणे ज्या पेढीच्या नावावर उभे आहे, त्या पेढीतही कोणाची तरी मुले व्यापार शिकत असतील.